संधिवाताभ संधिशोथाची परिचर्या : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

संधिवाताभ संधिशोथ या दीर्घकालीन सांधेविकाराने पीडित असलेल्या रुग्णाची वेदना कमी करणे, त्याच्या सांध्यांचा आकार व हालचाल टिकविणे, औषधांच्या परिणामांवर लक्ष ठेवणे आणि त्याला स्वतःची कामे स्वतः करता येतील असे साहाय्य व शिक्षण देणे, या सर्वांचा अंतर्भाव या परिचर्येत होतो. हा विकार आत्मप्रतिरक्षाजन्य आहे. म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणा बाह्य जंतूंऐवजी शरीरातील ऊतकांवरच (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांवरच) आघात करते. तो पूर्णपणे बरा होत नाही. परंतु वेळीच उपचार सुरू केल्यास बहुतेक रुग्णांत तो आटोक्यात ठेवता येतो. त्यामुळे या विकारातील परिचर्या काही दिवसांची नसून आयुष्यभराची असते आणि तिचा फार मोठा भाग रुग्णालयाबाहेर, रुग्णाच्या घरातच पार पडतो. मुंबईच्या ईशान्येस लोहमार्गालगत वाढलेल्या ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांत ही गोष्ट विशेषत्वाने दिसून येते.

विकाराचे स्वरूप : सांध्याच्या आतील बाजूस असणाऱ्या संधिकलेला प्रथम सूज येते. ती जाड होऊन लगतची कूर्चा व हाड यांची झीज करते. हातांच्या बोटांचे लहान सांधे, मनगटे व पायांची बोटे यांवर दोन्ही बाजूंना सारखाच परिणाम होणे, ही या विकाराची ओळखीची खूण होय. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात व ते मोकळे होण्यास अर्ध्या तासापासून काही तास लागतात. थकवा, बारीक ताप, रक्तक्षय, वजन घटणे व डोळ्यांचा कोरडेपणा ही लक्षणेही आढळतात. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा विकार दोन ते तीन पट अधिक असून तो पुष्कळदा तिशी ते पन्नाशी या वयात, म्हणजे कुटुंबाचा भार अंगावर असतानाच, सुरू होतो. सांध्यांची कायमची हानी बऱ्याच अंशी पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. म्हणून निदानास होणारा विलंब हाच या विकारातील सर्वांत मोठा धोका समजला जातो.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार सांधेविकारांची घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण सु. ०.५ टक्के आढळले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागातील पाहणीत ते प्रौढांत सु. ०.७५ टक्के होते. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या सु. १८.४ लक्ष व कल्याण-डोंबिवलीची सु. १२.५ लक्ष होती. त्यांपैकी दोन तृतीयांश व्यक्ती प्रौढ धरल्या आणि भिगवणचे प्रमाण लावले, तर या दोन महानगरपालिकांच्या हद्दीत त्या वेळी सु. दहा हजार रुग्ण असावेत, असा आडाखा बांधता येतो.

परिचर्येचा इतिहास : चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, औषधी द्रव्य, परिचारक व रुग्ण. परिचारकास उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण आवश्यक समजले आहेत. सांध्यांची सूज व वेदना यांच्याशी निगडित असलेल्या आमवाताचे स्वतंत्र वर्णन माधवनिदानात आढळते. मात्र आमवात व आधुनिक वैद्यकातील संधिवाताभ संधिशोथ हे तंतोतंत एकच आहेत, असे म्हणता येत नाही.

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील लांद्रे-बोव्हे यांनी १८०० मध्ये आपल्या प्रबंधात या विकाराचे वर्णन केले. तेथील रुग्ण प्रामुख्याने गरीब स्त्रिया होत्या. सधन पुरुषांत आढळणाऱ्या गाउटपेक्षा हा विकार निराळा आहे, हे त्यांनी दाखविले. इंग्रज वैद्य ॲल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी १८५९ मध्ये त्यास आजचे इंग्रजी नाव दिले. व्हालर (१९४०) व रोझ (१९४८) यांच्या संशोधनामुळे रुग्णाच्या रक्तातील संधिवाताभ घटक हे प्रतिपिंड ओळखता येऊ लागले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विश्रांती हाच प्रमुख उपचार होता. रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणात ठेवीत; सुजलेले सांधे प्लास्टरच्या किंवा लाकडी पट्ट्यांत बांधून शेक देत. ॲस्पिरीन मोठ्या मात्रेत दिले जाई व कानांत गुणगुण सुरू झाली का, हे परिचारिकेने विचारावयाचे असे; कारण मात्रा मर्यादेबाहेर गेल्याची ती पहिली खूण होती. अंथरुणातील रुग्णाची पाठ, टाचा व माकडहाड येथे शय्याव्रण होऊ न देणे, पावले खाली लोंबू नयेत म्हणून पायांशी फळी लावणे आणि गुडघ्यांखाली उशी न ठेवणे, हे त्या काळातील परिचर्येचे मुख्य नियम होत. उशीमुळे तात्पुरता आराम वाटतो, परंतु गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडून बसतो व रुग्णास पुन्हा उभे राहता येत नाही. हे नियम आजही लागू आहेत. दीर्घ विश्रांतीची प्रथा मात्र स्नायू क्षीण होतात असे आढळल्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली.

फ्रेंच वैद्य झाक फॉरेस्त्ये यांनी १९२९ मध्ये सुवर्णलवणांचा उपचार प्रसिद्ध केला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये कॉर्टिसोन वापरले, तेव्हा अंथरुणास खिळलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले. या कार्याबद्दल हेंच, केंडल व रीचस्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, रक्तदाबवाढ व जंतुसंसर्ग हे या औषधाचे दुष्परिणाम लवकरच लक्षात आले आणि त्यांवर पाळत ठेवणे हे परिचारिकेचे नवे काम ठरले. १९८० नंतरच्या दशकात अल्प मात्रेतील मेथोट्रेक्सेट रूढ झाले व अमेरिकेत १९८८ मध्ये त्यास या विकारासाठी मान्यता मिळाली. १९९८ पासून एटॅनर्सेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब इ. जैव औषधे उपलब्ध झाली. रुग्णकक्षात पडून राहणारा रुग्ण यामुळे बाह्यरुग्ण विभागात येऊ लागला. इंग्लंडमधील लीड्स येथे जॅकी हिल व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित परिचारिकेने चालविलेल्या तपासणी-केंद्रातील रुग्णांची देखभाल सुरक्षित व समाधानकारक असल्याचे दिसून आले. यूरोपीय संधिवातविज्ञान संघटनेने २०१२ मध्ये अशा परिचारिकांच्या कार्यासंबंधी शिफारशी प्रसिद्ध केल्या व पुढे त्या सुधारल्या.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्यास आरंभ झाला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील सेवासदनाने (स्थापना १९०९) ससून रुग्णालयाच्या सहकार्याने विधवा व इतर गरजू स्त्रियांना या व्यवसायात आणले. त्या काळी मध्यमवर्गीय कुटुंबांत हा व्यवसाय हलका मानला जात असल्याने हे कार्य सोपे नव्हते. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांतात परिचारिकांची नोंदणी सुरू झाली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा व १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम संमत झाला. या शिक्षणाचा भर दीर्घकाळ प्रसूती, शस्त्रक्रिया, साथीचे रोग व बालसंगोपन यांवर राहिला. देशापुढील निकड पाहता ते स्वाभाविकही होते. परंतु वर्षानुवर्षे चालणाऱ्या सांधेविकाराच्या रुग्णास त्यात फारसे स्थान मिळाले नाही.

स्त्रीरुग्णांना तपासण्यास स्त्रीवैद्य नसल्याची उणीव या परिसरातील एका व्यक्तीने फार पूर्वी ओळखली होती. कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) या उणिवेचा उल्लेख करूनच वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या व १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. संधिवाताभ संधिशोथाचे बहुसंख्य रुग्ण स्त्रियाच असल्याने स्त्रीने आपले दुखणे कोणास व केव्हा सांगावे, हा प्रश्न या विकारातही महत्त्वाचा ठरतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवली : बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली व १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत होऊन तीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून आपल्या औद्योगिक क्षेत्रांचा आरंभ केला. पुढे डोंबिवलीतही औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. मुंबईत घर न परवडणारा नोकरदार वर्ग या शहरांत स्थायिक झाला. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी व कल्याण महानगरपालिका (आजची कल्याण-डोंबिवली महानगरपालिका) १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली.

लोकवस्तीबरोबर रुग्णालयेही वाढली. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय हे जिल्हा रुग्णालय, कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय व त्यास जोडलेले राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९९२), कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिका रुग्णालये, उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणचे रेल्वे रुग्णालय, तसेच कामगार राज्य विमा योजनेची ठाणे व उल्हासनगर येथील रुग्णालये ही त्यांतील प्रमुख होत. अपघात, प्रसूती, हिवताप, क्षय व पावसाळी साथी यांचा ताण या रुग्णालयांवर सतत राहिला आहे. सांधेविकारांच्या विशेष तपासणीसाठी येथील रुग्ण दीर्घकाळ मुंबईतील परळचे के.ई.एम. (स्थापना १९२६) यांसारख्या रुग्णालयांकडे व पुनर्वसनासाठी हाजीअली येथील अखिल भारतीय संस्थेकडे (स्थापना १९५५) जात आले आहेत. अलीकडे या शहरांतही संधिवाततज्ज्ञ उपलब्ध झाले असले, तरी त्यांची सेवा मुख्यतः खाजगी क्षेत्रात आहे.

उपनगरी प्रवास हा येथील रुग्णापुढील विशेष प्रश्न होय. या विकारात सांध्यांचा ताठरपणा पहाटे व सकाळी सर्वाधिक असतो आणि नेमक्या त्याच वेळी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना सर्वाधिक गर्दी असते. पादचारी पुलाचे जिने, गाडीतील वरची कडी धरून उभे राहणे व चढता-उतरतानाची रेटारेटी या तिन्ही गोष्टी सुजलेल्या मनगटास व गुडघ्यास सोसवत नाहीत. मोठ्या स्थानकांत अलीकडे सरकते जिने व उद्वाहक बसविले आहेत. दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. परंतु त्यातील प्रवासासाठी लागणारे प्रमाणपत्र मोजता येण्याजोग्या कायम न्यूनतेवर आधारलेले असते. ज्याची बोटे अद्याप वाकडी झालेली नाहीत, पण सकाळी जो मूठही वळू शकत नाही, अशा रुग्णाच्या पदरी त्यामुळे फारसे काही पडत नाही. अशा अनेकांनी, विशेषतः स्त्रियांनी, नोकरी सोडणे हा विकाराचा पहिला मोठा सामाजिक परिणाम असतो.

घरातील परिचर्या : परिचारिकेने रुग्णास प्रथम शिकवावयाची गोष्ट म्हणजे दिवसाची आखणी. उठण्यापूर्वी अंथरुणातच बोटे, मनगटे, घोटे हळूहळू हलवावेत. नंतर कोमट पाण्यात हात बुडवून ठेवावेत किंवा गरम पाण्याने स्नान करावे. जड कामे सकाळी न करता सांधे मोकळे झाल्यावर करावीत व कामांच्या मध्ये थोडी विश्रांती घ्यावी. सांधा लाल, गरम व सुजलेला असताना त्यास आधारपट्टी बांधून विश्रांती द्यावी. सूज ओसरताच नियमित व्यायाम सुरू करावा.

सांध्यांचे रक्षण करण्याचे तत्त्व असे की, भार लहान सांध्यावर न टाकता मोठ्या सांध्यावर घ्यावा. पिशवी बोटांत न धरता कोपराजवळ अडकवावी. पाण्याची कळशी कमरेवर घेण्याऐवजी लहान भांड्यांनी पाणी भरावे. ठराविक वेळीच नळाला पाणी येणाऱ्या वस्त्यांत हे काम घरातील इतरांनी करणे श्रेयस्कर. पिळून कपडे वाळत घालणे, विळीवर नारळ खवणणे, कणीक तिंबणे, भाकरी थापणे व खलबत्त्यात कुटणे या कामांत बोटे करंगळीच्या दिशेने ढकलली जातात व हीच या विकारातील नेहमीची विरूपता असते. जाड मुठीची सुरी, तरफेसारखी दांडी असलेला नळ, उंच बैठकीचा ओटा यांसारख्या साध्या साधनांनी हे टाळता येते. झाऱ्याच्या किंवा लेखणीच्या मुठीस कापडी पट्टी गुंडाळून ती जाड केली, तरी पकड सुलभ होते. सूज चढू लागताच अंगठ्या व घट्ट बांगड्या काढून ठेवाव्यात. त्या अडकल्यास रक्तप्रवाह अडतो. स्त्रिया संकोचाने ही गोष्ट लांबणीवर टाकतात, म्हणून परिचारिकेने ती आपण होऊन सांगावी.

जमिनीवर मांडी घालून बसणे व उकिडवे बसावे लागणारे शौचकूप हे गुडघे आणि नितंबसंधी यांच्या रुग्णास फार अवघड जाते. जुन्या चाळींत सामाईक शौचकूप घरापासून दूर असतात. तेथे मध्यभागी छिद्र असलेली खुर्ची, भिंतीस पकडदांडा व रात्री दिवा यांची सोय करावी. डोंबिवली-कल्याणातील उद्वाहक नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत वरच्या मजल्यावरील रुग्ण हळूहळू घरातच कोंडला जातो. जिना चढताना चांगला पाय व उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, एवढे शिकविल्यानेही बाहेर पडणे शक्य होते. दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णाच्या मानेतील वरच्या मणक्यांचा सांधा सैल होऊ शकतो. म्हणून त्यास उचलताना मान झटकू देऊ नये आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या वैद्यास विकाराची कल्पना द्यावी.

या शहरांत दोघे कमावते असलेल्या कुटुंबांत दिवसभर रुग्णाजवळ कोणी नसते. तेव्हा खाजगी ब्यूरोमार्फत मिळणाऱ्या मदतनीस बाईवर परिचर्या सोपविली जाते. तीस पुष्कळदा विधिवत प्रशिक्षण नसते. रुग्णास काखेत धरून ओढणे, दुखऱ्या सांध्यास जोराने मालिश करणे, सर्व कामे स्वतः करून रुग्णास निष्क्रिय ठेवणे, या चुका त्यातून घडतात. याउलट घरातील स्त्री स्वतः रुग्ण असली, की ती परिचर्या मागतच नाही. सर्वांचा स्वयंपाक उरकल्यावरच ती आपल्या हाताकडे पाहते आणि सूज बाहेरून फारशी दिसत नसल्याने तिचे दुखणे आळसात जमा होते. कुटुंबास विकार समजावून सांगणे हा म्हणूनच परिचर्येचा गौण नव्हे, तर मुख्य भाग आहे. या रुग्णांत विषण्णतेचे प्रमाणही अधिक असते.

औषधे व दक्षता : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून ते रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेवर गंभीर परिणाम होऊन मृत्यूही ओढवतो. परिचारिकेने वार निश्चित करून द्यावा, दिनदर्शिकेवर खूण करावयास सांगावे व इतर गोळ्यांपासून ही गोळी वेगळी ठेववावी. जोडीला फॉलिक अम्ल दिले जाते. ते कोणत्या वारी घ्यावयाचे, हेही स्पष्ट करावे. रक्त व यकृत यांच्या तपासण्या ठरल्या वेळी झाल्या का, हे पाहावे. तोंडात व्रण, ताप, धाप किंवा कोरडा खोकला असल्यास गोळी थांबवून वैद्याकडे पाठवावे. हे औषध गर्भास घातक असल्याने तरुण स्त्रीशी याविषयी एकांतात व स्पष्ट बोलणे आवश्यक असते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन घेणाऱ्याचे डोळे ठराविक काळाने तपासावेत. स्टेरॉइडे एकाएकी थांबवू नयेत. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टेरॉइडे मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. म्हणून ‘आणखी काय घेता’, हा प्रश्न दोष न देता विचारावा. जैव औषधांमुळे सुप्त क्षयरोग उफाळू शकतो, हे २००१ मध्ये निदर्शनास आले. दाट वस्तीच्या व क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या या परिसरात ती सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी टाळता येत नाही.

अलीकडील घटना : २००६ मध्ये महाराष्ट्रासह देशाच्या मोठ्या भागात चिकुनगुन्याची साथ आली. या विषाणुजन्य तापानंतर अनेकांचे सांधे कित्येक महिने दुखत राहतात व चित्र संधिवाताभ संधिशोथासारखे दिसते. त्यामुळे खऱ्या रुग्णाचे दुखणेही ‘तापाचा अवशेष’ म्हणून दुर्लक्षिले जाण्याचा धोका निर्माण झाला. सहा आठवड्यांहून अधिक काळ लहान सांधे सुजलेले राहिल्यास रक्ततपासणीसाठी पाठविणे, हा यावरील व्यवहार्य नियम होय.

कोविड-१९ च्या साथीत या परिचर्येची कसोटी लागली. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या बंद झाल्या. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी त्या जूनमध्ये व सर्वसामान्यांसाठी मर्यादित वेळांत १ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झाल्या. मुंबईतील रुग्णालयांवर अवलंबून असलेल्या ठाणे-कल्याणच्या रुग्णांचा तपासणीचा मार्गच खुंटला. त्याच सुमारास हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन कोविडवर उपयुक्त असल्याच्या समजुतीने त्याची मागणी एकाएकी वाढली. २५ मार्च रोजी शासनाने त्याची निर्यात रोखली व लगेच विक्रीवरही निर्बंध घातले. तरीही नेहमीच्या रुग्णांना ते मिळविणे कठीण झाले. पुढे हे औषध कोविडवर निरुपयोगी ठरले. याच काळात दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे देशात लागू झाली. दूरध्वनीवर वैद्यास सांधा दाबून पाहता येत नाही. त्यामुळे आपली सूज, ताठरपणाचा काळ व औषधांची मात्रा नीट सांगू शकणारा, म्हणजे आधी शिकविला गेलेला रुग्णच या सोयीचा पुरता लाभ घेऊ शकला.

सद्यःस्थिती : २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात कर्करोग, मधुमेह, हृद्‌वाहिन्यांचे विकार व पक्षाघात यांचा समावेश होता, संधिशोथास त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानामुळे शहरांतील वस्त्यांजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रे, परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांची व्यवस्था झाली. या विकाराच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. कारण निदानासाठी लागणारी पहिली पायरी महागडी नाही. सकाळी बोटे किती वेळ आखडतात हे विचारणे, दोन्ही हातांचे सांधे हलकेच दाबून पाहणे व संशय आल्यास रुग्णास त्वरित पुढे पाठविणे, एवढे काम कोणतीही प्रशिक्षित परिचारिका काही मिनिटांत करू शकते. औषधांचा शोध लागून बराच काळ लोटला असून मेथोट्रेक्सेटसारखे प्रमुख औषध स्वस्तही आहे. ते रुग्णापर्यंत पहिल्या दोन वर्षांत पोहोचते की सांधे वाकडे झाल्यावर, हे मुख्यतः या पहिल्या तपासणीवर अवलंबून असते.